कावीगाकच्या मापाची कयाक

कावीगाकला तिची सख्खी आई 'दादा' म्हणायची, आणि मामी अवियाक तर सरळ 'अहो' म्हणायची. वस्तीत कुणालाच यात वावगं वाटत नसे. आईचा थोरला भाऊ कावीगाक उन्हाळ्यात समुद्रात गेला आणि बर्फ धरायच्या आत आईला मुलगी झाली. मेलेल्या माणसाचं नाव उघड्यावर ठेवायचं नसतं, ते बिचारं थंडीत दारोदार कुडकुडत फिरतं. म्हणून पुढे जे बाळ जन्मेल त्याला ते द्यायचं, मग मुलगा असो की मुलगी. नाव घरात आलं की माणूस घरात आला. त्यामुळे ही पोर लंगोटात होती तेव्हाच तिला एक धाकटी बहीण होती, एक बायको होती आणि अकरा कुत्री होती.

चार वर्षांची असताना मामीनं तिच्या हातात मामाचा पाइप दिला. "घ्या, इतकी वर्षं जपून ठेवलाय तुमचा." पोरीनं तो तोंडात घातला आणि भोकाड पसरलं. मामीचा चेहरा फुलला. "अगदी तस्संच! तंबाखू कडक लागली की पहिल्यापासून यांचं तोंड वाकडं."

चहात कावीगाक तीन चमचे साखर घालायची. मामाही घालायचा. मामाचा शिकारीतला जोडीदार ओदाक, आता सत्तरीचा, ते बघून दर वेळी मान हलवायचा. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. याची बघा, मेल्यावरही गेली नाही."

पण एक खोड मात्र तिची स्वतःची होती, मामाची नव्हे. तिला प्रश्न पडत. मामा म्हणे अबोल माणूस, दिवसभरात चार शब्द बोलला तर खूप. हिच्या तोंडाला कुलूप नाही. हिमनग उलटतो तेव्हा आधी कुठल्या अंगाला झुकतो? पक्षी त्याच्यावर बसतात ते त्यांना भीती वाटत नाही म्हणून, की त्यांना आधी कळतं म्हणून? बर्फ पाण्यात चरचरतो तो आवाज कसला? ओदाक जमेल तेवढी उत्तरं द्यायचा. नग जितका वर दिसतो त्याच्या तिप्पट तरी लांब राहा. अंगावरच्या जुन्या पाणरेषा बघ, तिरक्या असतील तर गडी एकदा कूस बदलून झोपलाय, पुन्हा बदलेल. पाण्याखाली हिरवा पाय पसरलेला दिसला तर त्यावरून जाऊ नको, तो पाय उचलतो तेव्हा सांगून उचलत नाही.

एका प्रश्नाला मात्र तो उत्तर देत नसे. मामा कसा गेला?

"तू मला विचारतेस?" ओदाक हसून म्हणायचा. "तिथे तू होतीस. मी टेकडीच्या मागे होतो. तूच सांग."



वस्तीत सगळ्यांचं ठरलेलं होतं की नग उलटला आणि लाटेनं त्याला नेलं. पण कावीगाकच्या डोक्यात एक गोष्ट सलत राहायची. त्याची कयाक, म्हणजे एकट्या माणसाची अरुंद शिकारी होडी, पालथी सापडली, पण अखंड. भाला पट्ट्याखाली जागच्या जागी, दोरी नीट वेटोळं केलेली, शिकार बुडू नये म्हणून मागे बांधतात ती कातड्याची पखाल फुगवलेली तशीच. फक्त वल्हं नव्हतं आणि मामा नव्हता. नग उलटल्यावर जी लाट येते ती तिनं लांबून पाहिली होती. ती लाट होडीवरची सुईसुद्धा ठेवत नाही. मग भाला कसा राहिला?

आणि ती कयाक आता तिचीच होती.

तिनं शिकारीला जायचं म्हटलं तेव्हा मामीनं आढ्याला टांगलेला सांगाडा उतरवला, त्यावर नवं जाड कापड शिवलं, पांढरा रंग दिला आणि म्हणाली, "तुमचीच आहे. उगाच दुसरी कशाला?" आता कयाक म्हणजे काही खाट नव्हे की कुणीही येऊन पडावं. ती माणसाच्या अंगावर मापून करतात. लांबी त्याच्या पसरलेल्या हातांवरून, बसायचं भोक त्याच्या कमरेवरून. बूट जसा पायाला बसतो तशी ती कमरेला बसायला हवी, कारण तोल पाण्यात हातांनी नाही, कमरेनं आणि गुडघ्यांनी सांभाळतात. मामा होता दारासारखा रुंद. कावीगाक होती काटकुळी. ती त्या भोकात बसली की दोन्ही बाजूंना चार चार बोटं जागा उरायची. एका बाजूला तिनं सीलचं जुनं कातडं कोंबलं, दुसऱ्या बाजूला उशी. तरी वळताना कयाक एकीकडे आणि ती एकीकडे.

हे अख्ख्या वस्तीला दिसत नव्हतं का? दिसत होतं की. पण कावीगाकची कयाक कावीगाकला बसत नाही, असं कुणी म्हणायचं कसं? मामीला तर त्यात अडचण अशी वाटतच नव्हती, तिच्याकडे उपाय होता. "खा, अहो खा," ती ताटात चरबीचा आणखी एक तुकडा टाकत म्हणायची. "वाळलात नुसते. आणखी थोडं अंग धरलं की कयाक कशी गच्च बसेल बघा."

कावीगाक खायची. पाच उन्हाळे खात होती. अंग काही धरलं नाही.

एकदा बोलावं असं तिच्या हजारदा मनात आलं. मामी, ही माझी नाही. पण ते बोलायचं म्हणजे मी तो नाही असं बोलायचं, आणि मामीला दुसऱ्यांदा विधवा करायचं. ते धाडस तिला होत नव्हतं. त्यापेक्षा उशी बरी.

त्या ऑगस्टात नेहमीसारखे सगळे नारव्हालसाठी टोकावर येऊन राहिले. खाली तंबू, वर टेकडीवर दुर्बीण घेऊन पहारा. फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधल्या त्या अरुंद खाडीत, इंजिनाला बंदी. नारव्हालला, म्हणजे त्या एकदंत्या देवमाशाला, आधी कयाकवरून हातानं भाला मारायचा, मग बंदूक. पहिला भाला ज्याचा, मासा त्याचा, बाकीच्यांना रीतीप्रमाणे वाटे. आणि आवाज करायचा नाही. नारव्हालला किनाऱ्यावर पडलेली किटलीसुद्धा ऐकू जाते. म्हणून टोकावर माणसं कुजबुजून भांडतात, स्टोव्हवर भांडं ठेवताना खाली हात लावतात, आणि शिंक आली तर तोंड कोटात खुपसतात. गेल्या वर्षी एकानं वल्हं दगडावर टाकलं तर पूर्ण हिवाळाभर लोक त्याला 'ढोलकरी' म्हणत होते.

यंदा सात दिवस एकही मासा मिळाला नव्हता. एरवी तंबूतंबूतून मत्ताक, म्हणजे माशाच्या कातडीचे चरबीसकट काप, चघळत बसलेली माणसं यंदा बिस्किटं खात होती. आणि कावीगाकला आजवर एकदाही भाला मारता आला नव्हता.

"नाव मोठं, लक्षण खोटं," गेडिओन तिच्या कानाशी येऊन कुजबुजला. गेडिओन तिच्याच वयाचा, तीन मासे नावावर असलेला. "मामा म्हणे एका उन्हाळ्यात पाच आणायचा. तू काय, बर्फाशी गप्पा मारायला येतेस?"

"तुझ्याशी मारण्यापेक्षा बरं. बर्फ विचार करून बोलतो."

गेडिओन कोटात तोंड खुपसून हसला. मनानं वाईट नव्हता तो.

टोकासमोर समुद्राचा तळ उथळ आहे. दर वर्षी एखादा मोठा नग तिथे येऊन रुततो. मामा गेला तेव्हाही एक होता. यंदाचा चर्चपेक्षा उंच होता आणि त्याच्या पोटावर तिरक्या पाणरेषा होत्या. कावीगाक रोज त्याच्याकडे बघत बसायची. ओहोटीला तो कुरकुरायचा, भरतीला गप्प व्हायचा. कडेवर पांढरे पक्षी ओळीनं बसलेले असायचे.

"कधी उलटेल?" तिनं ओदाकला विचारलं.

"आज. किंवा पुढच्या वर्षी."

"मग जवळ जायचं की नाही हे ठरवतात कसं?"

"प्रत्येक जण आपापलं ठरवतो," ओदाक म्हणाला. "मी नगाकडे बघतो, मग पाण्याकडे, मग स्वतःकडे. तिघांपैकी एक जरी आज बरा दिसला नाही तर मी घरी चहा पितो. लोक पहिले दोन बघतात. तिसऱ्याकडे कोण बघतो?"

आठव्या दिवशी वारा पडला. पाणी इतकं निपचित झालं की त्यावर सुरकुती नाही. ऊन समोरून, डोळ्यांत. टेकडीवरच्या पहारेकऱ्यानं दोन्ही हात वर केले. नारव्हाल! कळप नगाच्या पलीकडून येत होता. सगळ्यात जवळ कावीगाक होती, ती आधीच पाण्यावर होती. बाकीचे तिच्या मागे पांगून थांबले. रीतच आहे, पुढच्याची संधी कुणी हिसकावत नाही. टेकडीवर अख्खी वस्ती आडवी पडून बघत होती. खाली तंबूच्या दारात मामी पायाच्या बोटांवर उभी राहिलेली कावीगाकला दिसली.

ती नगाच्या बाजूनं हळूच पुढे गेली आणि वल्हं आडवं धरून थांबली. मासे इथूनच जाणार. नग तिच्या उजवीकडे, तिप्पट नाही तरी दुप्पट लांब. ठीक आहे, तिनं ठरवलं. पक्षी शांत बसलेत. ओहोटी नाही. ठीक आहे.

ती थांबली. कुठेच काही हलत नव्हतं. नगाचं पाण्यातलं उलटं रूप खऱ्या नगाइतकंच ठळक होतं. आभाळ कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळेना. मग कयाकचं टोक सावकाश वर उचललं जातंय असं तिला वाटलं. ती बघत राहिली. टोक वर, आणखी वर. मागचा भाग बुडतोय. थंड पाणी आत शिरलं, मांड्यांवर चढलं, कमरेला आलं. तिला ओरडावंसं वाटलं, पण जबडा उघडेना. वल्ह्यावरची बोटं आपली वाटेनात. जराशी जरी हलले तरी उलटेन, एवढंच डोक्यात. आणि ती न हलता हळूहळू नगाकडे वाहत होती.

वस्तीत कधी कधी एखादा चांगला शिकारी अचानक कयाक सोडून बर्फात भोकं पाडून मासे धरायला लागतो. विचारलं तर म्हणतो, पाठ धरली. लोक मान डोलावतात. पुढे कुणी विचारत नाही, कारण पाठ धरलेली नसते हे सगळ्यांना माहीत असतं. शांत पाण्यातली ही भोवळ असते. तिचं नाव मोठ्यानं घेत नाहीत.

 पण कावीगाक पडली चौकस, तिचा स्वभाव भीतीतही गप्प बसेना. पाणी आत आलंय म्हणतेस, मग मांड्या ओल्या हव्यात. आहेत का ओल्या? उत्तर माहीत असल्याशिवाय तिला चैन पडेना. तिनं एक बोट सोडवलं, मग हात. हात उशीवरून आत सरकवला. कोरडं. खडखडीत कोरडं! कयाक बुडत नव्हती, कयाक सरळ होती. फसवत होते ते तिचे डोळे.

एवढ्यात डावीकडे कुणीतरी मोठा उसासा टाकल्यासारखा आवाज आला. ठिपक्याठिपक्यांची पाठ पाण्यावर आली. इतकी जवळ, की श्वासाचे तुषार तिच्या गालावर पडले. भाला पट्ट्याखाली हाताशी होता. आयुष्यात अशी संधी पुन्हा येत नाही. फेकायला फक्त कंबर टेकवून अंग वळवायचं होतं. पण टेकवायची कशाला? उशीला?

खाली बघितलं तर पाणी हिरवं झालं होतं. नगाचा पाय तिच्या खाली होता. आणि वर कडेवरचे पक्षी एकदम उठले.

तिला तेव्हा मामा कळला. भाला जागच्या जागी का, दोरी गुंडाळलेली का, सगळं एका क्षणात कळलं. कुठली लाट नव्हती की काही नव्हतं. तो असाच इथे बसला होता, मागे त्याची माणसं, पुढे मासे, नगाआड तो कुणाला दिसत नाही, पण सगळे श्वास रोखून त्याची वाट बघताहेत. भोवळ मोडायची तर पाणी मोडायला हवं, हे त्याला ठाऊक नव्हतं थोडंच? वल्हं आपटायचं, ओरडायचं, जोडीदाराला हाक मारायची. पण आवाज केला तर अख्ख्या वस्तीचा हिवाळा पळून जाणार, आणि वस्तीतला सगळ्यात भारी शिकारी घाबरला हे सगळ्यांना कळणार. तो गप्प बसला. बसल्या जागी, नीटनेटका, आवाज न करता गेला.

"नाही बाबा," कावीगाक मोठ्यानं म्हणाली, आणि दोन्ही हातांनी वल्हं उचलून फाडकन पाण्यावर आपटलं.

आवाज कड्यावर आदळून परत आला. तिनं पुन्हा आपटलं, पुन्हा, पुन्हा. पाणी फुटलं, उलटा नग विरघळला, कयाकचं टोक खाली येऊन आपल्या जागी बसलं. ठिपक्यांची पाठ नाहीशी झाली. पलीकडे एकामागून एक सगळ्या पाठी नाहीशा झाल्या. ती वल्हं मारत, धडपडत, ओरडत हिरव्या पाण्याच्या बाहेर आली आणि किनाऱ्याला लागेपर्यंत थांबली नाही.

आणि नग? नग उलटला नाही. त्यानं साधा खडासुद्धा टाकला नाही. पक्षी एक चक्कर मारून पुन्हा कडेवर येऊन बसले.

"झालं समाधान?" गेडिओन आता कुजबुजत नव्हता, कुजबुजायला उरलंच काय होतं! "सात दिवस! सात दिवस आम्ही शिंकलो नाही! हिवाळ्यात पोरांना काय घालू, तुझं नाव?"

त्याचं चुकत नव्हतं.  बाकीचे आपापल्या कयाका वर ओढत होते. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं, आणि ते गेडिओनच्या ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

ओदाक थर्मास घेऊन आला. कपात तीन चमचे साखर घातली, ढवळली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, "पाठ धरली असेल तुझी."

म्हातारा तिच्यासाठी वाट मोकळी करून देत होता. नुसतं हो म्हटलं की झालं असतं. सगळ्यांनी मान डोलावली असती.

"पाठ ठणठणीत आहे," कावीगाक म्हणाली. "मला भोवळ आली. भीती वाटली म्हणून मी वल्हं आपटलं."

  ओदाकनं तो कप तिला द्यायच्या ऐवजी स्वतःच पिऊन टाकला. मग एक मोठ्या वयाचा शिकारी, गेडिओनचा काका, कयाकचा दोर गुंडाळता गुंडाळता खाली मान घालून म्हणाला, "ऊन समोर असलं की मलाही येते." आणि घाईघाईनं तंबूत गेला.

मामी तंबूत स्टोव्हपाशी बसली होती. कावीगाक दारातच उभी राहिली. एक बोललोच आहोत तर दुसरंही बोलून टाकावं, नाहीतर पुन्हा पाच उन्हाळे जातील.

"मामी, ती कयाक मला ढिली होते. पहिल्या दिवसापासून होते. मी कितीही खाल्लं तरी ती मला बसणार नाही. ती माझ्या मापाची नाही."

मामीनं स्टोव्ह बारीक केला.   आता ही रडेल, नाहीतर 'पोरी' म्हणेल, आणि सगळं संपेल.

"तुम्ही समुद्रात गेलात त्या उन्हाळ्यात सकाळी उठलात की पलंगाची कड घट्ट धरून बसायचात," मामी म्हणाली. "काय होतंय विचारलं तर म्हणायचात, पाठ. मी रोज रात्री चोळून द्यायची. चांगली दणकट पाठ होती. मी आपली चोळायची."

ती उठली. शिवणाच्या पेटीतून दोरी काढली, कावीगाकला पुढे ओढलं, तिच्या कमरेभोवती दोरी फिरवली आणि दोन टोकं जुळली तिथे बोटाची चिमूट धरली. नवीन कयाकचं माप असंच घेतात.

"मघाशी वल्हं तुम्हीच आपटलंत?"

"हो."

"सगळे ऐकत असताना?"

"हो."

मामीची चिमूट सुटली. दोरी खाली पडली ती तिनं उचलली नाही. तिनं कावीगाकचा कोट दोन्ही मुठींत धरला आणि तिला गदागदा हलवलं.

"मग तेव्हाच का नाही आपटलंत हो? मी इथेच होते, या तंबूत. मला ऐकू आलं असतं."